दोन तारांचं विमान

"मागं सरक! अगं, मागं सरक, पोरी!"

अप्पांची हाक घुमटात घुमली तेव्हा विमान पडून झालं होतं. पंख एकीकडे, शेपूट दुसरीकडे, आणि नाक कुठे गेलं ते कुणालाच दिसत नव्हतं. खराटा नावाचा सफाईचा रोबो कोपऱ्यातून निघून कामालासुद्धा लागला होता. बारा वर्षांची सन्मती चौगुले घुमटाच्या मधोमध उभी होती. हातातली मूठ तिनं अजून वरच धरली होती आणि मुठीपासून निघालेल्या दोन बारीक पोलादी तारा जमिनीवर लोळत होत्या.

अप्पा वेंधळे होते म्हणून त्यांना उशीर झाला, असं समजू नका. अप्पा होते मिरजेत आणि त्यांची नात होती चंद्रावर. चंद्रावरचं दृश्य मिरजेत पोचायला सव्वा सेकंद लागतो, आणि मिरजेची हाक चंद्रावर यायला आणखी सव्वा. रेडिओलहरी प्रकाशाच्याच वेगानं जातात, त्याहून वेगानं जगात काहीच जात नाही. त्यामुळे अप्पांनी कितीही घाई केली, तरी त्यांची सूचना अडीच सेकंद शिळी होऊनच पोचायची. अडीच सेकंदांत विमान पडतं आणि शिवाय रडूही येतं.

"पडलं का गं?" अप्पांनी विचारलं.

"पडलं," सन्मती म्हणाली. मागच्या वर्षी पहिलं पडलं होतं, हे दुसरं.

आता हे विमान कसलं, ते सांगतो. याचा पायलट विमानात बसत नाही, तो गोलाच्या मध्यभागी उभा राहतो. त्याच्या हातात एक मूठ असते. मुठीच्या वरच्या टोकाला एक तार, खालच्या टोकाला दुसरी. दहा मीटर लांबीच्या या तारा विमानाच्या पंखात शिरतात आणि तिथे लपवलेल्या एका त्रिकोणी तरफेला (एका खिळ्याभोवती डोलणाऱ्या पट्टीला) बांधलेल्या असतात. मूठ वर कलवली की वरची तार ओढली जाते, तरफ डोलते, तरफेची काडी शेपटीची फळी वर उचलते आणि विमान नाक वर करतं. मूठ खाली कलवली की नाक खाली. विमान पायलटभोवती गोल फिरत राहतं आणि पायलटही त्याच्याबरोबर जागच्या जागी फिरतो. चक्कर येऊ नये म्हणून भिंतीकडे न बघता फक्त विमानाकडे बघायचं, हा पहिला धडा.

हे सगळं चालतं ते एकाच अटीवर. तारा ताठ हव्यात. कासरा ढिला पडला की बैल ऐकत नाही, तसंच इथे. तार ढिली झाली की मुठीनं काहीही सांगा, शेपटीला ते कळतच नाही. अशा वेळी पायलटनं झटकन मागं सरकून ती ताठ करायची असते. सन्मतीच्या दोन्ही विमानांचं हेच झालं होतं. आणि दोन्ही वेळा जागा एकच होती, घुमटाच्या पूर्वेकडचा मोठा झरोका, जिथून ताजी हवा आत येई.

मिरजेत अप्पांनी चाळीस वर्षं ही विमानं उडवली होती. कारखान्यातल्या लेथवरून सुटले की रविवारी सकाळी मैदानावर. चुन्याच्या फक्कीनं गोल आखायचा आणि नवशिक्याला मध्ये उभं करायचं. उस्ताद त्याच्या मागं उभा राहायचा आणि मूठ धरलेल्या हातावर आपला हात ठेवायचा. शब्दानं काही शिकवायचं नाही. हाताला ओढ कळली की धडा संपला. अशी शंभरेक पोरं अप्पांनी तयार केली होती.

एका पोरीला मात्र त्यांचा हात पोचत नव्हता. सन्मती चंद्रावरच जन्मली, चंद्रावरच वाढली. तिच्या हाडांना आणि हृदयाला पृथ्वीचं सहापट ओझं कधीच पेलणार नव्हतं, आणि अप्पांना या वयात रॉकेटचा धक्का. दोघांनी एकमेकांना पडद्याबाहेर पाहिलं नव्हतं आणि पाहणारही नव्हते. म्हणून अप्पांनी विमानं धाडली होती. चंद्रावरच्या प्रत्येक कुटुंबाला पृथ्वीवरून वर्षाला किलोभराचं एकच पार्सल मिळे. तीन वर्षांच्या तीन पार्सलांतून बाल्सा नावाच्या पिसासारख्या हलक्या लाकडाची तीन विमानं आली होती. दोन खराट्यानं झाडून नेली. उरलं एक.

"तिसरं काढू का, अप्पा?"

अडीच सेकंद गेले. मग आणखी चार-पाच गेले.

"काढ की. पण आता नवीन मागू नकोस हां," अप्पा म्हणाले. "माझ्या डोळ्यांच्या पडद्याला रोग झालाय. डॉक्टर म्हणतात, महिना-दीड महिना दिसंल तेवढं दिसंल. करवत चालवणं कधीच बंद झालंय माझं. ते उडताना एकदा बघितलं की झालं, सन्मू. मग गेले डोळे तरी जाऊ देत."

त्या दिवशी सन्मती जेवली नाही.

आईनं तिसऱ्या विमानाचं खोकं उचलून कपाटात वरच्या फळीवर ठेवलं. आई वसाहतीच्या हवाखात्यात होती आणि फार बोलणारी नव्हती. "हे उडवू नकोस," ती म्हणाली. "मोडलं तर त्यांच्या हातचं काहीच राहणार नाही आपल्याकडे. कपाटात राहिलं तर निदान बघता तरी येईल."

"पण त्यांना बघायचंय ना! उडताना!"

"आणि तुला ते कशानं पाडतंय तेच माहीत नाही."

हे खरं होतं आणि खरं होतं म्हणूनच ते लागलं. सन्मतीनं झरोका बंद करता येईल का, असं विचारून पाहिलं. त्या झरोक्यातल्या हवेवर एकशेचाळीस माणसं श्वास घेतात, आईनं सांगितलं. सन्मती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. आपण अप्पांची दोन वर्षं मोडून टाकली, असं तिला वाटत होतं. शाळेतल्या मुलांनी विचारलं तर ती सांगे, "चंद्रावर ते उडतच नाही. इथे सगळंच हलकं, म्हणून तारा ढिल्या पडतात." सांगता सांगता तिचाही त्यावर विश्वास बसला. काही जमत नसलं की माणसाला असा विश्वास फार लवकर बसतो.

पुढच्या रविवारी तिनं हेच अप्पांना ऐकवलं.

"असं म्हणतीस?" अप्पा म्हणाले. "मग रडायच्या आधी मोजू या. पन्नास ग्रॅमचा नट आहे का घरात? आणि रिकामं पेन?"

प्रयोग सोपा होता, तुम्हीही करून पाहा, फक्त कुणाच्या काचा फोडू नका. पेनाच्या रिकाम्या नळीतून दोरा ओवायचा. वरच्या टोकाला नट, खालच्या टोकाला ताणकाटा (स्प्रिंग किती ओढली गेली ते दाखवणारा काटा). नळीच्या वर अर्धा मीटर दोरा ठेवायचा, नळी हातात धरायची आणि नट डोक्यावर गरगर फिरवायचा.

तसाच नट, तसाच दोरा घेऊन अप्पा मिरजेत बसले होते. आधी दोघांनी नट नुसता काट्याला टांगला. मिरजेत काटा पन्नासवर आला, चंद्रावर आठवर.

"बघा! मी म्हटलं होतं ना!" सन्मती म्हणाली.

"दम खा. आता फिरव. सेकंदाला एक फेरी, टिकटिक लाव घड्याळाची. काटा काय म्हणतो?"

सन्मतीनं नट फिरवला. काटा थरथरला आणि स्थिर झाला. "शंभर!"

मिरजेतून एका बाईचा आवाज आला. "अप्पा, शंभरावर आलाय की तुमचा काटा!"

"ह्या शेजारच्या नलूताई," अप्पा घाईनं म्हणाले. "बघ, इथंही शंभर, तिथंही शंभर. आता दुप्पट जोरात. सेकंदाला दोन फेऱ्या."

काटा चारशेवर गेला. मिरजेतल्या नलूताईंनीही चारशे म्हणून सांगितलं. सन्मतीचा हात थांबला आणि नट तिच्याच कपाळावर येऊन आदळला. चंद्रावरचा असला तरी नट तो नट. टेंगूळ यायचं ते आलंच.

"का असं?" कपाळ चोळत तिनं विचारलं.

"वजन म्हणजे जमिनीनं केलेली ओढ. चंद्राची ओढ कमी, म्हणून तुझा नट तिथं हलका. पण नटातलं लोखंड काही कमी झालं का? त्याला म्हणायचं वस्तुमान (वस्तूत किती ऐवज भरलाय ते). तो ऐवज भारी हट्टी असतो. चाललाय तर सरळ रेषेत चालत राहीन म्हणतो. हा हट्ट म्हणजे जडत्व. त्याला गोल फिरवायचा तर क्षणाक्षणाला मध्याकडं ओढावं लागतं. ते केंद्रगामी बल (मध्याकडं ओढणारा जोर). ते तुझ्या दोऱ्यातनं येतं, जमिनीतनं नाही. म्हणून चंद्र असो की मिरज, दोऱ्याला सगळं सारखंच."

"आणि वेग दुप्पट केला की चौपट?"

"चौपट. तिप्पट केला की नऊपट. माझं विमान दहा मीटरच्या तारेवर सव्वा किलोनं हात ओढायचं. तुझंही तेवढंच ओढत असणार. मग ते ढिलं का पडतं, तेच मला उमगत नाही, पोरी."

सन्मतीनं आपल्या मनगटाकडे पाहिलं. सव्वा किलो? तिच्या हाताला तर ओढ अशी जाणवलीच नव्हती. कुणी बोट धरून चाललंय असं वाटे, बस्स.

"अप्पा, तुमची एक फेरी किती सेकंदांत व्हायची?"

"तीन. का?"

"माझी आठ सेकंदांत होते."

या वेळी अडीच सेकंदांनी उत्तर आलं नाही. दहानीही आलं नाही.

तुम्ही म्हणाल, इतकी साधी गोष्ट हिनं आधी का सांगितली नाही? त्याला कारण आहे. चंद्रावरची मुलं 'आई' म्हणायच्या आधी 'हळू' म्हणायला शिकतात. तिथे जोरात पाऊल टाकलं की माणूस छताला लागतो, म्हणून प्रत्येक दारावर 'हळू' लिहिलेलं असतं, आजीपासून खराट्यापर्यंत सगळे हळूच चालतात. या विमानाच्या मोटरचा वेग उडवण्याआधीच एका स्क्रूनं लावून ठेवायचा असतो. सन्मतीनं पहिल्याच दिवशी तो स्क्रू मागे फिरवला होता. आणि विमान छान उडालंही होतं. चंद्रावर त्याचं वजन सहावा हिस्सा, त्याला उचलून धरायला पंखांना थोडा वेग पुरे. मग कुणाला सांगायचं काय? हळू जायचं हे काय सांगायची गोष्ट आहे?

"आठ सेकंद," अप्पा अखेर म्हणाले. "म्हणजे वेग जवळजवळ पावणेतीनपट कमी, आणि ओढ सातपटीनं कमी. दोनशे ग्रॅमसुद्धा नाही. मग झरोक्याचा वारा विमानाला तुझ्याकडं ढकलतो, आणि तारेत त्याला दाद न द्यायचा जोरच उरत नाही. चुकी चंद्राची नव्हती गं."

"पण अप्पा, तुम्ही कॅमेऱ्यातून बघत होता ना? आठ सेकंद आणि तीन सेकंद, यातला फरक तुम्हाला दिसला नाही?"

मिरजेत खुर्ची करकरली. नलूताई काहीतरी हळू आवाजात म्हणाल्या आणि दूर गेल्या.

"नाही दिसला," अप्पा म्हणाले. "मागच्या वर्षीपासनंच नीट दिसत नाही मला. पडद्यावर काहीतरी हलतंय एवढं कळायचं. मोटर थांबल्याचं ऐकलं की मागं सरक म्हणून ओरडायचो. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, आता कशाला उडवायचं. म्हणून नाही सांगितलं. माझ्या ह्या लबाडीपायी तुझी दोन विमानं गेली, सन्मू."

सन्मतीला राग आला. तिला तो ओरडून सांगायचाही होता. पण अडीच सेकंदांच्या अंतरावर भांडता येत नाही. आपलं वाक्य तिकडे पोचेपर्यंत ऊर भरून येतो. ती रडली, आणि बऱ्याच वेळानं पलीकडूनही तसाच आवाज आला.

शेवटी ती म्हणाली, "यापुढे जे असेल ते सांगायचं. दोघांनीही."

"सांगायचं," अप्पा म्हणाले.

आईला पटवायला तीन दिवस गेले. आईनं तो नटाचा प्रयोग स्वतः चार वेळा करून पाहिला, मग कपाटाची वरची फळी रिकामी केली. त्यात एक नवाच पेच निघाला. विमान आता सव्वा किलोनं ओढणार, आणि ही ओढ चंद्रावर कमी होत नाही हे तर सिद्ध झालंच होतं. पण सन्मती मात्र चंद्रावर हलकी! मिरजेच्या काट्यावर ती छत्तीस किलो भरली असती, इथे जेमतेम सहा. विमानच तिला ओढून नेणार. मग तिनं ते वाळूचं जाकीट बाहेर काढलं, हाडं बळकट व्हावीत म्हणून चंद्रावरच्या सगळ्या मुलांना घालावं लागतं आणि सगळी मुलं मनापासून ज्याचा तिरस्कार करतात ते. एकावर एक अशी दोन जाकिटं तिनं चढवली आणि जमिनीवर पाय घासून पाहिले. पाय घट्ट बसत होते.

पुढच्या रविवारी खराट्यानं करड्या चंद्रधुळीनं गोल आखला. सन्मतीनं मोटरचा स्क्रू पूर्ण पुढे फिरवला. मोटर साठ सेकंदांनी आपोआप थांबणार होती.

"अप्पा, आज किती दिसतंय?"

अडीच सेकंद.

"सांगायचं ठरलंय, म्हणून सांगतो. उजेड आहे एवढं कळतंय. बाकी काही नाही."

महिना-दीड महिना, असं डॉक्टर म्हणाले होते. तीन आठवडेसुद्धा झाले नव्हते. सन्मतीनं मूठ खाली ठेवली. ज्यासाठी हे सगळं चाललं होतं तेच संपलं होतं. आता जिंकलं काय नि मोडलं काय, कुणाला दिसणार होतं? विमान परत खोक्यात ठेवावं, आई म्हणत होती तसं, आणि दिवा मालवून घरी जावं, असं तिला फार वाटलं.

"मूठ खाली ठेवलीस ना?" अप्पा म्हणाले. "उचल. माईक कडेला ठेव, गोलाच्या अगदी जवळ. मी ऐकतो. आणि माझ्यासाठी उडवू नकोस. माझं तर उडवून झालंय."

सन्मतीनं मूठ उचलली. खराट्यानं विमान धरलं. "हळू?" त्यानं सवयीनं विचारलं.

"नाही. सोड!"

विमान सुटलं आणि तिचा हात खांद्यापासून ओढला गेला. इतका, की ती किंचाळलीच. हे बोट धरणं नव्हतं. कुणीतरी तिचं मनगट पकडून चल म्हणत होतं. ती मागे झुकली, जाकिटांनी पाय रोवून धरले, आणि तारा अशा ताठ झाल्या की त्यांतून गुणगुण ऐकू येऊ लागली. वेग जास्त, म्हणून पंख विमानाला वर वर नेऊ पाहत होते. तिनं मूठ किंचित खाली कलवली. शेपटीनं ऐकलं. पूर्वेचा झरोका आला. वाऱ्यानं धक्का दिला, तार जराशी थरथरली आणि पुन्हा ताठ झाली. झरोका मागे गेला.

"एक," मिरजेतून आवाज आला. तोवर दुसरी फेरी पुरी होत आली होती. माईकजवळून विमान गेलं की झूंऽ व्हायचं, आणि प्रत्येक झूंऽ अप्पा मोजत होते. "सात... आठ..." सन्मती अकराव्या फेरीत असली की अप्पा दहा म्हणत. तिच्या मनगटाला ओढ होती आणि कानाला मोजणी. मागं उभं राहून कुणी हातावर हात ठेवलाय, असं मात्र तिला वाटलं नाही. तसं ते कधीच वाटणार नव्हतं, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता.

साठ सेकंद झाले. मोटर थांबली.

घुमट एकदम शांत झाला. वेग उतरू लागला, आणि वेग उतरला की ओढ त्याच्या कितीतरी पट उतरते हे आता तिला काट्यानं शिकवलं होतं. मनगटावरची पकड सैल होत गेली. समोर झरोका येत होता. तार पोटातून वाकायला लागली.

सन्मतीनं मागं पाऊल टाकलं. एक, दोन, तीन, झपाझप, चंद्रावर कुणी टाकत नाही तशी. तार ताठ झाली. मूठ वर. विमानानं नाक उचललं, चाकं टेकली, ते धुळीत एकदा उसळलं आणि घसरत जाऊन थांबलं. पुढचा पंखा तुटला. बाकी सगळं धड होतं.

आणि तेव्हा मिरजेहून, जिवाच्या आकांतानं, हाक आली.

"मागं सरक! मागं सरक, पोरी!"

सन्मती धुळीत बसली. "सरकले, अप्पा," ती म्हणाली. "तुमच्या आधी सरकले. उतरलं ते. मोडलं नाही."

सव्वा सेकंद जायला, सव्वा यायला. खराटा झाडू उचलून उभा राहिला होता.

"वीस फेऱ्या मोजल्या मी," अप्पा म्हणाले. "मग आता माझं काम संपलं म्हणायचं."

"नाही संपलं. आमच्या भाजीघरात बांबू लावलाय, माझ्याहून उंच झालाय. नव्या विमानासाठी त्याच्या कामट्या कशा काढायच्या, हे इथे कुणालाच येत नाही."

या वेळी मोजून अडीच सेकंदांनी उत्तर आलं.

"आधी बांबू हातात घे," अप्पा म्हणाले. "आणि डोळे मीट. पेरं बोटाला कशी लागतात, ते सांग मला."